उन्हाळ्यातले जादा पाणी

तंजावर जिल्ह्यात, पापनाशमच्या पुढे, कालव्याच्या काठी माझ्या मामांचे घर आहे. घरामागे तारेच्या कुंपणाचा एक चौकोन आहे. त्यात एक पर्जन्यमापक आणि चार पायांवर उभी असलेली, झडपांची, पांढऱ्या रंगाची लाकडी पेटी. पेटीत दोन तापमापक टांगलेले असतात. एक कोरडा, दुसऱ्याच्या टोकाला मलमलीची ओली चिंधी गुंडाळलेली. दोघांतल्या फरकावरून हवेत ओल किती ते कळते. फाटकाला कुलूप आहे आणि तमिळमध्ये पाटी आहे: आत येऊ नये.

मामा ओरत्तनाडूच्या एका शाळेत विज्ञान शिकवत. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे काम मागून घेतले. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच या दोन वेळा पेटी उघडायची, आकडे वहीत लिहायचे, मग मोबाइलवरून पाठवायचे. या वेळा त्यांनी कधी चुकवल्याचे कोणाला आठवत नाही. पुतण्याच्या लग्नात मुहूर्त साडेआठचाच निघाला, तेव्हा तो जरा पुढे ढकलता येईल का, असे त्यांनी पुरोहितांना विचारले होते. पुरोहितांनी मानले नाही. मामांनी मुठीतल्या अक्षता शेजाऱ्याच्या हातात दिल्या आणि ते कुंपणात गेले.

त्यांची मुलगी बाहेरगावी एका संस्थेत हवामानावर संशोधन करते. तिचा विषय समजून घ्यायला मला तीन फोन लागले. चौथ्या फोनवर मी तो तिला माझ्या भाषेत परत सांगितला आणि तिने तो नाइलाजाने मान्य केला. तो असा. मागच्या वर्षांचे हवामान संगणकावर पुन्हा एकदा घडवायचे. संगणक दर काही तासांनी पुढची बातमी आधीच लिहून ठेवतो: अमुक ठिकाणी हवा इतकी गरम, इतकी ओली. मग त्या वेळची प्रत्यक्ष नोंद समोर ठेवायची. दोन्ही जुळत नसतील तर मधे कुठेतरी दुरुस्ती करायची. आमच्या वृत्तपत्राच्या कचेरीत याहून वेगळे काही चालत नाही.

अडचण त्या दुरुस्तीत आहे. संगणकाने लिहिलेले असते की हवा कोरडी आहे, नोंद म्हणते ओली आहे. मग संगणक असे धरून चालतो की तिथल्या मातीत त्याला वाटले त्याहून जास्त पाणी असणार, आणि तो मातीत पाणी ओततो. हे पाणी पावसाचे नसते, नदीचेही नसते. ते नोंदीपायी आलेले असते. म्हणून त्या प्रदेशाच्या पाण्याचा हिशेब मांडताना, पडलेला पाऊस, उडालेली वाफ आणि वाहून गेलेले पाणी यांची बेरीज-वजाबाकी केली की थोडे पाणी असे उरते, ज्याचा मालक सापडत नाही.

मामांच्या मुलीला मालक सापडला होता. तिच्या संगणकाला कावेरीचे कालवे ठाऊकच नव्हते. त्याच्या नकाशात आमचा मुलूख म्हणजे आकाशाकडे तोंड करून बसलेली कोरडवाहू जमीन. इकडे मेट्टूरचे धरण उघडते, कालवे भरतात, भात लावला जातो, हवा ओलावते, आणि मामांचा तापमापक ते टिपतो. संगणक कालवा न पाहताच तेवढे पाणी मातीत ओतून मोकळा होतो. थोडक्यात, मामांची पेटी त्याच्याकडे कालव्यांची चुगली करत होती. तिच्या प्रबंधाचे सर्वांत मोठे प्रकरण या चुगलीवर उभे होते. आसपास दूरपर्यंत हवामानाचे दुसरे ठाणे नसल्यामुळे तालुकाभराच्या मातीचे एकटे साक्षीदार होते मामा.

प्रबंध सादर करायला महिना उरला असताना तिचा फोन आला.

"अण्णा, चैत्र-वैशाखांत कालव्यांत काय असतें?"

"क्रिकेट," मी सांगितले.

"पाणी?"

"नाही."

"मग माझ्या तालुक्यांत पाणी कोण ओततें?"

भर उन्हाळ्यात, कालवे कोरडे असताना, तिचा संगणक रोज सकाळी मातीत पाणी घालत होता. संध्याकाळी घालत नव्हता. संध्याकाळच्या नोंदी कोरड्या ठणठणीत होत्या, जशा असायला हव्यात. शिवाय एका उन्हाळ्यात सलग सोळा दिवस सकाळचेही पाणी थांबले होते आणि सतराव्या दिवशी पुन्हा सुरू झाले होते. तिच्या मार्गदर्शक बाईंनी यावर एकच वाक्य उच्चारले होते: ज्या पाण्याला रजा मिळते ते कालव्याचे नाही. ठाणे बिघडलेले आहे, ते वगळा, असा त्यांचा सल्ला होता.

तिने वगळून पाहिले होते. मामांच्या नोंदी काढून टाकल्या की ऐन लावणीच्या दिवसांतही संगणकातला तालुका वाळवंटासारखा कोरडा पडत होता. ठाणे गेले की प्रकरण गेले, आणि प्रकरण गेले की आणखी वर्षभर वसतिगृहाचे सांबार.

"तुझ्या अप्पांना विचार," मी म्हणालो.

"विचारलें. नोंदींत चूक आहे काय म्हणून विचारलें. नाही म्हणाले आणि फोन ठेवला. तू जा ना. तू बातमीदार. तुला लोक सांगतात."

लोक बातमीदाराला काही सांगत नाहीत, ते त्याच्यासमोर बोलतात, एवढाच फरक आहे. पण उन्हाळा होता आणि मामींच्या हातचे उडदाचे डांगर खाऊन बरेच दिवस झाले होते. मी तंजावरहून पहिली बस धरली.

साडेसात वाजता मी घरी पोचलो तेव्हा मामी मागच्या अंगणात सोवळे वाळत घालत होत्या. मामींचे सोवळे कडक. आज धुऊन उंच दांडीवर वाळत घातलेले नऊवारी लुगडे उद्या अंघोळीनंतर नेसून त्या पूजा आणि स्वयंपाक करतात. मधल्या वेळात त्याला कोणी शिवायचे नाही. त्या स्वतःही हात लावत नाहीत. लांब काठीच्या टोकाने लुगडे दांडीवर चढवून, काठीनेच पसरवतात. हे काम मी जन्मापासून पाहत आलो आहे. त्या दिवशीही पाहिले आणि कॉफी मागितली.

साडेआठला मामांबरोबर कुंपणापाशी गेलो. मामा अंघोळ करून, धुतलेले धोतर नेसून आले होते. मी चौकशीची यादी करून आणली होती. मलमलीची चिंधी स्वच्छ होती. बाटलीतले पाणी शुद्ध केलेले, पापनाशमच्या बॅटरीच्या दुकानातून आणलेले. तापमापक दरवर्षी तपासले जात होते आणि तसा दाखला भिंतीवर, देवांच्या तसबिरींच्या रांगेत लावलेला होता. झडपांचा रंग नवा होता. मामांनी श्वास रोखून आकडे वाचले, कारण श्वासातही ओल असते. फाटकातून मात्र ते खेकड्यासारखे आडवे आत शिरले आणि तसेच बाहेर आले. त्यांचा गुडघा दुखत असावा, असे मी धरून चाललो.

वाचकाला एव्हाना सगळे दिसले असेल. मला दिसले नव्हते, आणि माझी या व्यवसायात बरीच वर्षे गेली आहेत.

जेवायला बसल्यावर मी सोळा दिवसांचा विषय काढला. कोणत्या वर्षीचा, कोणता महिना, ते सांगितले.

"त्या वेळीं मी इथें नव्हतेंच," मामी वाढता वाढता म्हणाल्या. "कुंभकोणास बहिणीकडे. तिचे डोळ्याचें ऑपरेशन नव्हतें काय?"

"किती दिवस होता?"

"पंधरा-सोळा. का रे? मी गेलें म्हणून हवा बदलली काय?"

मामांनी ताकाचा पेला उचलला आणि त्यात बराच वेळ पाहिले. तो रिकामा होता.

मी खिडकीतून बाहेर पाहिले. दांडी कुंपणाच्या आत होती. पेटीपासून दोन हातांवर. लुगडे आता वाळले होते. साडेआठला ते ठिबकत होते. आडव्या चालीचा गुडघ्याशी काही संबंध नव्हता. मामा लुगड्याला धक्का लागू न देता पेटीपर्यंत पोचत होते.

जेवणानंतर मामींच्या कानांपासून दूर, कालव्याच्या काठावर, मी मामांना गाठले.

"मामा, दांडी आत कधी आली?"

मामांनी मागे वळून घराकडे पाहिले. मग हळू आवाजात सगळे सांगितले. लुगडे पूर्वी गच्चीवर वाळत असे. एकदा नारळ उतरवायला आलेल्या माणसाने ते वाऱ्याने पडताना पाहिले आणि भलेपणाने उचलून पुन्हा दांडीवर टाकले. मामी तीन दिवस गच्चीकडे फिरकल्या नाहीत. त्यानंतर एका दुपारी त्यांनी मामांना विचारले, त्या कुंपणांत कोणी जातें काय? मामांची छाती फुगली. ते म्हणाले, माझ्याशिवाय कोणीही नाही, नियमच आहे, कुलूप आहे, पाटी आहे. मामी म्हणाल्या, मग बरें. दुसऱ्या दिवशी सकाळी आत दांडी उभी होती. कुलपाची दुसरी किल्ली मामींच्या कनवटीला होती. तेव्हापासून मामांना अंघोळ केल्याशिवाय स्वतःच्या वेधशाळेत प्रवेश नाही.

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? कोणी शिवत नाही म्हणून मींच सांगितलें होतें."

"मुलीला सांगायचे."

"तिनें विचारलें, नोंदींत चूक आहे काय. नोंदींत चूक नाही. त्या पेटींतली हवा तेवढी ओली होतीच." मामा घराकडे चालू लागले. "आणि लिहिलें आहे मी."

"कुठे?"

घरात येऊन त्यांनी कपाटातून वह्या काढल्या. आकड्यांच्या रकान्यांनंतर शेवटी एक अरुंद रकाना शेऱ्यांसाठी होता. त्यात रोज, बारीक आणि नीट अक्षरात, वाऱ्याची दिशा आणि पुढे एक ओळ होती. लुगडें, ओलें, दोन हातांवर. लुगडें, अर्धें वाळलेलें. लुगडें नाही, ती कुंभकोणास. ही शेवटची ओळ सोळा वेळा होती आणि तिचे अक्षर इतरांपेक्षा जरा मोकळे वाटत होते.

हे शेरे कोणी का वाचले नाहीत, याचे उत्तर साधे आहे. पहिली गोष्ट, मोबाइलवरून फक्त आकडे जात. शेरा वहीतच राही. दुसरी, आमच्या तंजावरी मराठी घरांतून बहुतेकांना देवनागरी येत नाही. मामा मराठी बोलतात, पण लिहितात तमिळ अक्षरांत. तपासणीला येणारे अधिकारी तमिळ होते. अक्षरे ओळखीची, शब्द एकही नाही. एकाने विचारलेही होते, सार, हे काय आहे? मामा म्हणाले, शेरा. अधिकाऱ्याने सही केली. मी मात्र हे सारे देवनागरीत लिहितो आहे. मामांना ते कोणीतरी वाचून दाखवावे लागेल, आणि त्यांनी आधी अंघोळ केलेली असेल.

आम्ही मुलीला फोन लावला. मी फोनचा आवाज मोठा ठेवला, ही माझी चूक. मामी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सापडले," मी म्हणालो. "तुझ्या अम्माचे लुगडे."

पलीकडे कळफलकाचा खडखडाट झाला. मग ती म्हणाली, "सकाळीं ओलें, संध्याकाळीं वाळलेलें."

"हो."

"अप्पा! सहा वर्षें मी त्या आकड्यांवर बसलें आहे!"

"वही घरींच होती," मामा म्हणाले. "सुटींत येतेस, झोपतेस, जातेस."

"काय झालें तें मला कोणी सांगेल काय?" मामींनी विचारले.

मुलीने सांगितले. पेटीशेजारी ओले लुगडे, म्हणून पेटीत ओली हवा, म्हणून संगणकाला वाटले माती ओली, म्हणून त्याने तालुकाभर पाणी घातले. मामींनी सगळे नीट ऐकून घेतले.

"म्हणजे माझ्या एका लुगड्यानें सारा पापनाशम तालुका भिजला म्हणतेस."

"संगणकांत, अम्मा."

"उन्हाळ्याचा."

"हो."

"मग चांगलेंच झालें की. मंत्री येऊन गेले, त्यांच्यानें झालें नाही."

"अम्मा, मला पदवी मिळायची नाही!"

"का नाही? पाणी कुठून आलें तें शोधणें तुझें काम. आलें कुठून? लुगड्यांतून. लिही."

मुलीला मात्र वेगळीच गोष्ट खटकत होती. अगदी भलती नोंद आली तर संगणक तिला खोटी ठरवून बाजूला टाकतो. म्हणजे मामींनी चार लुगडी एकदम वाळत घातली असती तर ती पहिल्याच दिवशी पकडली गेली असती. एकाच लुगड्याची ओल बेताची, पटण्यासारखी होती. म्हणून ती इतकी वर्षे खपली. बातम्यांच्या धंद्यात हा शोध जुना आहे.

पुढचे आठ दिवस मी मामांच्या घरी वह्यांच्या पानांचे फोटो काढून तिला पाठवत होतो. तमिळ अक्षरांतली मराठी तिला वाचता येत होती. संस्थेत तशी ती एकटीच. रोजच्या नोंदीपुढे तिने लुगडे होते की नव्हते, ओले की अर्धे वाळलेले, वारा त्याच्याकडून पेटीकडे होता की उलटा, हे भरले. मग वारा लुगड्याकडून येत होता त्या सगळ्या सकाळी काढून टाकल्या आणि संगणक पुन्हा चालवला.

ठाणे राहणार की जाणार, हे मामांनी त्या दिवसांत एकदाही विचारले नाही. पेटी मात्र दिवसातून दोनदा पुसून काढली.

नवव्या दिवशी दुपारी फोन आला. मामांनी तो उचलला नाही. माझ्याकडे बोट दाखवले.

"उन्हाळ्यांतलें पाणी गेलें," ती म्हणाली. "जवळजवळ सगळें."

"आणि भाताच्या दिवसांतले?"

"तें आहे. सकाळींही, संध्याकाळींही. लुगडें काढलें तरी आहे. कालव्याचें तेवढें राहिलें. अण्णा, प्रकरण बारीक झालें, पण उभें आहे."

मामा भिंतीकडे तोंड करून दाखल्याची काच पुसत होते. ती काच त्यांनी सकाळीच पुसली होती.

तोंडी परीक्षेला मी नव्हतो. पुढचे तिच्याकडून ऐकलेले आहे. प्रबंधात तिने लुगड्याला 'यंत्राजवळचा तात्पुरता ओलावा' असे नाव दिले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमके तेच पान उघडले आणि हा ओलावा कसला, ते विचारले. तिने खरे सांगितले. परीक्षकांनी चष्मा काढला. एवढ्या वर्षांत हा स्रोत तिथून हलवता आला नसता का, असे त्यांनी विचारले.

"सर," ती म्हणाली, "आपण माझ्या आईस भेटलेले नाहीत."

त्यानंतरचे प्रश्न सोपे होते.

पदवी घेऊन ती घरी आली ती वाटाघाटीसाठीच. ठाणे चालू ठेवायचे असेल तर लुगड्याला बाहेर जावे लागेल, असे तिने मांडले. मामींचे म्हणणे होते की पेटी हलवावी. लुगडे आधीपासून या घरात आहे, पेटी निवृत्तीनंतर आली. शेवटी त्यांनी अट घातली. पेटीला जेवढे सोवळे, तेवढेच लुगड्याला. मामांनी परसाच्या दुसऱ्या टोकाला, पेटीपासून मोजून लांब, तारेचे दुसरे कुंपण घातले. तोच पांढरा रंग, तसेच फाटक, तसेच कुलूप. पाटी मात्र नवी करून आणावी लागली, कारण मामींना ती जुन्या पाटीपेक्षा लहान नको होती. आता टपालवाल्याला दोन वेधशाळा दिसतात आणि त्यातली एक कसली, हे तो विचारत नाही.

दांडी उपटली त्या सकाळी मीही तिथे होतो. मामा साडेआठला कुंपणात गेले. सवयीने आडवे शिरले, मधेच थांबले आणि सरळ चालत पेटीपर्यंत पोचले. दोन्ही तापमापक वाचले. पुन्हा उन्हाळा आला होता; हवा कोरडी होती आणि तापमापकही तेच सांगत होते.

"आता तुम्ही हें लिहून ठेवा, अप्पा," मुलगी म्हणाली. "आणि वहींत नको. मी पाठवतें, आकड्यांच्या सोबत जाऊं दे. नाहीतर वीस वर्षांनीं कोणीतरी येईल, त्याला दिसेल कीं अमुक दिवसापासून तंजावरची हवा एकाएकीं कोरडी झाली. तो त्यावर प्रबंध लिहील."

"तारीख घाला," मामी पलीकडच्या कुंपणातून, काठी उंच धरून ओरडल्या. "जागा मी आपण होऊन दिली म्हणून घाला. उद्या कावेरीस पाणी कमी आलें तर माझें नांव नको."

मामांनी वही गुडघ्यावर ठेवली, टोपण काढले, शेऱ्याच्या रकान्यात तमिळ अक्षरांत लिहिले आणि ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली. लुगडें हलवलें. हवा आहे तशीच.

मुलीने त्या पानाचा फोटो काढला आणि खाली सर्वांना वाचता येईल अशा भाषेत त्याचा अर्थ लिहून, आकड्यांच्या सोबत पाठवून दिला.